कसाला उतरण्याचे इंग्रजी

आमच्या संध्याकाळच्या वर्गात डिप्लोमा झालेली, आयटीआय केलेली, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली मुले येतात. मुलाखत तोंडावर आली की अर्ज तपासायला आणतात. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने अर्ज आणला. मेकॅनिकलचा डिप्लोमा, सहा महिने एका कारखान्यात क्वालिटी विभागात उमेदवारी. अर्जाचे शेवटचे वाक्य होते, ‘आय ॲश्युअर यू दॅट आय विल कट द मस्टर्ड.’ व्याकरण चोख, स्पेलिंग बरोबर. तरीही वाचणारा तिथे थबकला असता. नोकरीच्या मराठी अर्जात कुणी ‘मी तुमच्याकडे चमकून दाखवते की नाही बघाच’ असे लिहावे, तसे ते झाले होते.

‘हे कुठून घेतलंस?’ मी विचारले. तिने पिशवीतून एक पुस्तिका काढली. एका पानावर सतरा वाक्प्रचार एकाखाली एक आणि समोर अर्थ. यशस्वी होणे. यशस्वी होणे. उत्तम असणे. पुन्हा यशस्वी होणे. ‘सर, सगळे पाठ केलेत,’ ती म्हणाली. कष्टात काही कमी नव्हते. सतरा वेगळ्या वस्तूंवर एकच चिठ्ठी डकवलेल्या त्या पानाने तिला चकवले होते. ते पान बाजूला ठेवून आम्ही पुढचे तीन आठवडे ज्या वाटेने गेलो, ती वाट इथे सांगतो.

आधी मराठीत ठरवा : यश की कस?

हा फरक आपण बोलताना आपोआप पाळतो. ‘तिने एकटीने दुकान चालवून दाखवले’ हे यश. ‘तिचा माल गिऱ्हाइकाच्या पसंतीस उतरला’ हा कस. पहिल्यात हाती घेतलेले काम तडीस गेले. दुसऱ्यात दुसऱ्या कुणीतरी माप लावले आणि आपण त्या मापात बसलो. इंग्रजीतही ही दोन घराणी वेगळी आहेत. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःला मराठीत विचारायचे : माझ्या वाक्यात कुणी मोजतोय का?

कुणी मोजत नसेल तर दोन-तीन शब्दांत भागते. ‘सक्सीड’ सगळ्यात सरळ, फक्त त्याच्यामागे ‘इन’ येते आणि पुढच्या क्रियापदाला ‘इंग’ लागते : ‘शी सक्सीडेड इन रिपेअरिंग द पंप.’ आपण हटकून ‘सक्सीडेड टू रिपेअर’ म्हणतो. ‘टू’च वापरायचे असेल तर ‘मॅनेज’ घ्या : ‘शी मॅनेज्ड टू रिपेअर द पंप.’ ‘सक्सीड टू’ हेही इंग्रजी आहे, पण ते गादीवर बसण्याचे. 1922 मध्ये शाहू महाराजांच्या निधनानंतर राजाराम महाराज कोल्हापूरच्या गादीवर आले, तिथे ‘सक्सीडेड टू द थ्रोन’ लागते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच मागोमाग येणे असा आहे.

‘पुल ऑफ’ म्हणजे अवघड, होईल की नाही अशी शंका असलेले काम तडीस नेणे. दोन दिवसांत बसवलेले नाटक उभे राहिले, तर ‘दे पुल्ड इट ऑफ’. रोजचा हिशेब वेळेवर लिहिला, त्याला हे वापरू नका. ऐकणाऱ्याला वाटेल की एरवी तुम्हाला तो जमत नाही. ‘मेक इट’चा सूर आपल्या ‘गंगेत घोडं न्हालं’च्या जवळचा, पण त्याचा दुसरा अर्थ फार कामाचा आहे. ‘आय कान्ट मेक इट टुमॉरो’ म्हणजे मला उद्या येता येणार नाही. एका मुलाला कंपनीतून असा निरोप आला आणि समोरचा माणूस हरल्याचे सांगतोय असे समजून त्याने धीर देणारे उत्तर पाठवले. तेव्हापासून हा अर्थ मी पहिल्याच दिवशी सांगतो.

माप कशाचे, ते डोळ्यांसमोर आणा

सतरातले बहुतेक वाक्प्रचार कसाच्या घराण्यातले होते. ते पाठ करण्यापेक्षा प्रत्येकामागे मोजणारी वस्तू कोणती, ते पाहायचे. कुठे रेघ असते, कुठे दगड, कुठे आडवी दांडी, कुठे चढ. वस्तू दिसली की तो शब्द कौतुकाचा की नुसता चालेल असे सांगणारा, माणसाला लावायचा की कागदाला, हे फारसे विचारावे लागत नाही.

सुरुवात सोन्यापासून करू, कारण तिथे मराठी आणि इंग्रजी एकाच पेढीवर बसलेल्या आहेत. जुना दागिना मोडायला सराफाकडे गेलात तर तो हाताच्या पंजात मावेल असा एक काळा, गुळगुळीत दगड काढतो. दागिन्याची कड त्यावर घासतो. बारीक पिवळी रेघ उमटते. शेजारी तो माहीत असलेल्या शुद्धतेच्या सोन्याची दुसरी रेघ ओढतो. मग दोन्हींवर तेजाबाचा, म्हणजे नत्राम्लाचा, थेंब. सोन्यात तांबे जास्त असेल तर रेघ फिकी पडते, पितळ असेल तर विरूनच जाते. चांगल्या सोन्याची रेघ तशीच राहते. ही परीक्षा म्हणजे कस आणि तो दगड म्हणजे कसोटी, संस्कृतातली कषपट्टिका. कसाला उतरणे, कस लागणे, बावनकशी हे सगळे याच दगडावरून आले.

इंग्रजीत त्या दगडाला ‘टचस्टोन’ म्हणतात आणि त्या थेंबाला ‘ॲसिड टेस्ट’. आणि खुद्द ‘टेस्ट’ हा शब्द? त्याच्या मुळाशी ‘टेस्टम’, म्हणजे मातीचे भांडे आहे. सोने-चांदी वितळवून तिची पारख करण्याच्या छोट्या मुशीला जुन्या इंग्रजीत ‘टेस्ट’ म्हणत. पुढे कुठल्याही पारखण्याला ते नाव पडले. आपण टेस्ट मॅचला कसोटी सामना म्हणतो, तेव्हा सोनारकामातल्या एका शब्दासमोर सोनारकामातलाच दुसरा शब्द ठेवतो. इतका बरोबर बसलेला पर्याय मला दुसरा आठवत नाही. वर्गात हे सांगितले की ‘टेस्ट’ शब्दाची मुलांना वाटणारी परीक्षेची धास्तीही जरा कमी होते.

आता वापर. ‘टचस्टोन’ म्हणजे ज्याच्याशी बाकीचे ताडून पाहायचे तो नमुना. ‘ॲसिड टेस्ट’ म्हणजे शेवटची, खरे-खोटे करणारी परीक्षा. विहिरीवरच्या पंपाची ‘ॲसिड टेस्ट’ मे महिन्यात होते. ‘लिटमस टेस्ट’ यापासून वेगळी ठेवा. तिथे निळा कागद लाल होतो की नाही एवढेच पाहायचे असते. एका खुणेवरून कोण कुठल्या बाजूचा ते कळते. एखादा उमेदवार कुठल्या बाजूला आहे हे एका मुद्द्यावरच्या मतदानावरून कळत असेल तर ती लिटमस. पाच वर्षे पद सांभाळून दाखवायचे असेल तर ॲसिड. वर्तमानपत्रांत या दोन्हींची सरमिसळ होते, तुम्ही करू नका.

याच घरातला तिसरा शब्द ‘हॉलमार्क’. यातला ‘हॉल’ म्हणजे लंडनमधल्या सोनारांच्या संघाची इमारत, गोल्डस्मिथ्स हॉल. शुद्धता तपासून छाप मारण्याचा इंग्लंडचा कायदा 1300 सालचा आणि 1478 पासून माल तपासायला त्या हॉलमध्ये न्यावा लागू लागला. आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने आली, सुरुवात 256 जिल्ह्यांत झाली. दागिन्यावर भिंगातून दिसणारा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक हा त्याचाच भाग. इंग्रजी वाक्यात मात्र ‘हॉलमार्क’ म्हणजे ओळख पटवणारी खूण आणि ती खूण चांगल्याचीच असते असे नाही. ‘इट हॅज ऑल द हॉलमार्क्स ऑफ अ फ्रॉड’ हेही बिनचूक इंग्रजी आहे.

रेघ, हजेरीपट आणि घाट

‘अप टू स्क्रॅच’मधली ‘स्क्रॅच’ म्हणजे जमिनीवर ओढलेली रेघ. इंग्लंडमध्ये हातमोजे न घालता मुष्टियुद्ध चाले, त्या काळच्या 1838 च्या नियमांनुसार खाली पडलेल्या लढवय्याला 30 सेकंद विश्रांती मिळे. त्यानंतर 8 सेकंदांत त्याने कुणाच्या आधाराशिवाय चालत मधल्या रेघेपर्यंत यायचे. आला तर लढत पुढे चाले, नाही आला तर तो हरला. हे चित्र एकदा नीट पाहा. रेघेपर्यंत आलेला माणूस जिंकलेला नसतो. त्याचे नाक फुटलेले असेल, डोळा सुजलेला असेल. तो फक्त उभा राहण्याजोगा आहे. म्हणून ‘अप टू स्क्रॅच’ हे कौतुक नव्हे, चालण्याजोगे असल्याचा दाखला आहे. ‘वी मस्ट ब्रिंग द किचन अप टू स्क्रॅच’ म्हणजे स्वयंपाकघर निदान धड करायला हवे. गवयाला मैफलीनंतर जाऊन ‘युवर सिंगिंग वॉज अप टू स्क्रॅच’ म्हणालात तर तो दुखावेल. ‘फ्रॉम स्क्रॅच’ही रेघेवरूनच आले, पण शर्यतीच्या रेघेवरून. कसलीही सवलत न घेता जो अगदी सुरुवातीच्या रेघेवरून धावतो, त्याचे ते सुरू करणे.

‘पास मस्टर’ समजायला मराठी माणसाला कुणाची गरज पडू नये. मस्टर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. ऑफिसात मस्टरवर सही करतात, रोजगार हमीच्या कामावर मस्टर भरल्याशिवाय मजुरी निघत नाही. शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले ‘दाखवणे’ आहे, ‘डेमॉन्स्ट्रेट’मध्येही तेच. सैन्याला ओळीत उभे करायचे, माणसे मोजायची, हत्यारे, कपडे, घोडे पाहायचे, हे मस्टर. त्या पाहणीतून जो सुटला तो ‘पास्ड मस्टर’. इथेही शौर्याचा प्रश्न नाही. नियमात बसतो की नाही एवढेच पाहिले जाते. म्हणून हा वाक्प्रचार कागदपत्रे, नियम, सबबी, कायदे यांना शोभतो. ‘धिस ॲफिडेव्हिट वोन्ट पास मस्टर.’ आपल्या न्यायालयांच्या निकालांत घटनेच्या संदर्भात हा शब्द नेहमी येतो आणि मराठी बातमीदार त्याचे ‘घटनेच्या कसोटीवर टिकणे’ करतात. मराठी कानाला सोन्याचीच उपमा जवळची, म्हणून ते भाषांतर मला आवडते.

‘मेक द ग्रेड’कडे मुले हमखास शाळेच्या ए, बी, सी ग्रेडच्या चष्म्यातून पाहतात. अमेरिकेत रेल्वेच्या चढाला ‘ग्रेड’ म्हणतात आणि या वाक्प्रचाराचा उलगडा त्या चढावरूनच केला जातो. तो चढ आपल्याकडे पाहायचा असेल तर कर्जतला उतरा. पुण्याकडे जाणारी गाडी तिथे थांबते, फलाटावर वडापावची लगबग सुरू असते आणि गाडीच्या शेपटाला बँकर इंजिने येऊन भिडतात. हलकासा धक्का बसतो. पुढे भोर घाट आहे, 1863 मध्ये सुरू झालेला, 37 फूट पुढे गेले की 1 फूट वर चढणारा. सपाटीवर सुसाट जाणारे इंजिन इथे मागून ढकलल्याशिवाय वर जात नाही. ही चढण पार करणे म्हणजे ‘मेक द ग्रेड’. म्हणून त्यात धाप आहे, लांबची मेहनत आहे आणि तो बहुतेक वेळा माणसाला, त्याच्या पेशाला लागतो : ‘ही नेव्हर मेड द ग्रेड ॲज अ फास्ट बोलर.’ गणितात ए ग्रेड मिळाली तर ती ‘गॉट ॲन ए’.

बाकीच्या वस्तू, भराभर

‘मेक द कट’ गोल्फमधून आले. चार दिवसांच्या स्पर्धेत दोन फेऱ्यांनंतर मागे पडलेल्यांना घरी पाठवतात, उरलेले पुढे खेळतात. म्हणजे कटमधून तरलेल्याने अजून काही जिंकलेले नाही. मुलाखतीच्या दुसऱ्या फेरीला बोलावले तर ‘आय मेड द कट’ म्हणा. नेमणुकीचे पत्र आल्यावर म्हणू नका. अकरावीच्या प्रवेशाचा ‘कट-ऑफ’ म्हणजे अशाच छाटणीचा आकडा.

‘बार’ ही उंच उडीची आडवी दांडी. ती ‘सेट’ करतात, ‘रेझ’ करतात, ‘क्लिअर’ करतात. दांडी खालीच बांधली असेल तर ‘लो बार’.

‘पार’ म्हणजे बरोबरी. चेकवर ‘पेएबल ॲट पार ॲट ऑल ब्रँचेस’ छापलेले असते, म्हणजे कुठल्याही शाखेत पूर्ण रक्कम, वजावट नाही. ‘ऑन अ पार विथ’ला मराठीत तोलामोलाचा, तोडीस तोड. एक जागा सांभाळा : गोल्फमध्ये ठरलेल्या फटक्यांपेक्षा कमी फटके म्हणजे ‘अंडर पार’, आणि ते चांगले. रोजच्या बोलण्यात ‘बिलो पार’ म्हणजे कमअस्सल, किंवा तब्येत बरी नसणे.

‘बेंचमार्क’ ही मोजणीदारांची खूण, पक्क्या दगडावर कोरलेली, जिच्यापासून बाकीच्या उंच्या मोजतात. नागपूरच्या झिरो माइलजवळ 1907 चा असा दगड आहे. ‘फिट द बिल’मधले ‘बिल’ हे नाटकाच्या जाहिरातीचे पत्रक. मुंबईच्या जुन्या भिंतींवरच्या ‘स्टिक नो बिल्स’मधले बिल तेच. या वाक्प्रचारात दर्जाचा मुद्दा येत नाही, गरज भागते का एवढेच पाहायचे. पावसाळ्यात प्लास्टिकच्या चपला ‘फिट द बिल’.

‘ए-वन’ तर आपण पचवूनच टाकले. ए-वन चहा, ए-वन टेलर्स. लंडनच्या लॉइड्स रजिस्टरमध्ये विमेवाल्यांसाठी जहाजांची प्रतवारी असे. सांगाड्याला अक्षर, नांगर-दोर वगैरे सरंजामाला अंक. दोन्हींत पहिले ते ‘ए1’. ही खूण 1775-76 पासूनची. एवढ्या जुन्या वंशाचा शब्द असूनही इंग्रजी अर्जात आज तो टपरीवरचा वाटतो, म्हणून तिथे टाळा.

आणि ‘कट द मस्टर्ड’? अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा शब्द, ओ. हेन्रीच्या 1907 च्या कथासंग्रहात तो आहे. मोहरी का आणि कापायची कशी, यावर कोशकारांचे एकमत नाही. तो ‘मस्टर’चा अपभ्रंश आहे ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण तिला पुरावा नाही. ज्या शब्दामागची वस्तू आपल्याला दिसत नाही तो ऐकला की समजावा, बोलण्यात सावकाश यावा. ‘अप टू स्नफ’चेही तसेच. त्यातली ‘स्नफ’ म्हणजे तपकीर, पूर्वी त्याचा अर्थ चलाख असा होता, पुढे दर्जाचा झाला.

‘द’ लावायचे की नाही

आपल्या भाषेत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ नाहीत, त्यामुळे इथे आपली सगळ्यात जास्त घसरण होते. यासाठी मी एकच उपाय पाहिला आहे : वाक्प्रचार ‘द’सकट, मोठ्याने, चालीत म्हणायचा. ‘मेक द ग्रेड’, ‘मेक द कट’, ‘फिट द बिल’, ‘अप टू द मार्क’ यांत ‘द’ हवाच. ‘पास मस्टर’, ‘अप टू स्क्रॅच’, ‘अप टू पार’ यांत ‘द’ नको. आपल्याकडे ‘पास द मस्टर’ शिकलेली माणसेही लिहितात. तुम्ही ‘द’ गाळा. ‘ऑन अ पार विथ’मध्ये ‘अ’. आपल्या ऑफिसांत त्याच अर्थाने ‘ॲट पार विथ’ चालते, पण परदेशी पत्रात ‘ऑन अ पार विथ’ लिहा.

यांतले बरेच वाक्प्रचार नकारात जास्त रमतात. ‘नॉट अप टू स्क्रॅच’, ‘नॉट अप टू पार’, ‘डझन्ट पास मस्टर’, ‘डझन्ट कट द मस्टर्ड’. मराठीतही ‘धड’ हा शब्द ‘धड नाही’मध्येच जास्त ऐकू येतो, तसेच. त्या मुलीने होकारी वाक्यात, वर आश्वासन म्हणून मस्टर्ड घातली, तिथे सूर बिघडला.

काठावर की झेंडा फडकवत?

माप कळले, आता किती फरकाने उतरलो ते. दहावीला 35 वर निभावले तर आपण काठावर पास म्हणतो, इंग्रजीत ‘स्क्रेप्ड थ्रू’. त्याच्या वर ‘पासेबल’ आणि ‘ॲडिक्वेट’, म्हणजे बरे, चालेल. ‘ॲडिक्वेट’चा अर्थ कोशात ‘पुरेसा’ असा सापडतो, पण माणसाच्या कामाला लावला की तो थंड पडतो. शिफारसपत्रात कुणाचे काम ‘ॲडिक्वेट’ लिहिलेत तर तुम्ही त्याचे नुकसान कराल.

कंपनीच्या वार्षिक मूल्यमापनात ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’ हा शेरा मिळाला की आमची मुले पडेल चेहऱ्याने येतात. त्यांना सांगतो, तो वाईट शेरा नाही. ठरवलेले काम ठरल्याप्रमाणे झाले, एवढाच त्याचा अर्थ. ‘आउटस्टँडिंग’ त्याच्या वर. पण हाच शब्द बँकेच्या पत्रात आला तर हरखून जाऊ नका, तिथे तो थकबाकीचा आहे. ‘क्वाइट गुड’ ब्रिटिश माणूस म्हणाला तर त्याचा अर्थ बऱ्यापैकी, फार चांगले असा नव्हे.

सगळ्यात जास्त धोका ‘क्वालिफाइड सक्सेस’मध्ये. ‘क्वालिफाइड’ म्हणजे पात्र, हे आपल्या मनात पक्के बसलेले. म्हणून हे काहीतरी मोठे यश वाटते. इथे ‘क्वालिफाइड’ म्हणजे अटी घातलेले, मर्यादित. परदेशी ग्राहकाने तुमच्या चाचणीला ‘अ क्वालिफाइड सक्सेस’ म्हटले तर पेढे वाटण्याआधी कुठे कमी पडलो ते विचारा.

‘विथ फ्लाइंग कलर्स’ ऐकले की मराठी मन थेट अटकेपार जाते. ‘कलर्स’ म्हणजे झेंडे इथपर्यंत बरोबरच आहे. पण हे झेंडे बंदरात परतणाऱ्या जहाजाचे. हरलेले जहाज निशाण उतरवते. जे निशाण फडकवत आले ते लढाईतून धड सुटले. म्हणून हे परीक्षा, चाचणी, तपासणी अशा प्रसंगाला शोभते : ‘द बॉयलर पास्ड इन्स्पेक्शन विथ फ्लाइंग कलर्स.’ नवा मुलूख जिंकण्याला, म्हणजे अटकेपारला, हे लावू नका.

अर्जात काय लिहायचे

अर्ज, अहवाल, निविदा, ग्राहकाला पत्र, इथे वाक्प्रचार नकोतच. साधी क्रियापदे घ्या आणि त्यांच्यामागचे शब्द सांभाळा. ‘मीट द रिक्वायरमेंट्स’, मध्ये काही नाही. ‘कम्प्लाय विथ द रूल्स’. ‘कन्फॉर्म टू द स्टँडर्ड’. ‘क्वालिफाय फॉर द पोस्ट’. ‘मेजर अप टू’. कमी पडले तर ‘फॉल शॉर्ट ऑफ’. ‘मीट’च्या मागे सवयीने ‘विथ’ लावाल तर अर्थ बदलतो : ‘मेट विथ ॲन ॲक्सिडेंट’ म्हणजे अपघात झाला, ‘मेट विथ अप्रूव्हल’ म्हणजे पसंती मिळाली. दर्जाला नुसते ‘मीट’.

तीन शब्द खास आपल्या मातीतले. ‘परीक्षा दिली’चे आपण ‘गेव्ह द एक्झाम’ करतो. ब्रिटनमध्ये विद्यार्थी परीक्षेला ‘सिट’ करतो, अमेरिकेत ती ‘टेक’ करतो आणि ‘गिव्ह’ शिक्षक करतो. ‘क्लिअर्ड द एक्झाम’ भारतात सर्वांना कळते, बाहेर ‘पास्ड’ लिहावे. आणि ‘आय पास्ड आउट इन 2021’ परदेशी माणसाला वाचायला दिलेत तर तो समजेल की 2021 मध्ये तुम्ही बेशुद्ध पडलात. लष्करात ‘पासिंग आउट’ बरोबर आहे, खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून कॅडेट तसेच बाहेर पडतात. कॉलेजसाठी ‘ग्रॅज्युएटेड’ किंवा ‘कम्प्लीटेड माय डिप्लोमा’.

‘अप टू द मार्क’ आपल्याकडे इतके रुळले आहे की मराठी वाक्यातही येते. बोलण्यात वापरा. अर्जात ‘माय वर्क इज अप टू द मार्क’ लिहिले की वाचणारा विचारतो, कुठला मार्क? कोणी लावला? तो प्रश्न तुम्ही स्वतःला आधीच विचारायचा आणि उत्तर लिहायचे. हीच या सगळ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे, म्हणून तिच्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला.

सराव असा करा. वहीचे पान उभे तीन भागांत दुमडा. पहिल्यात आपल्या कामातला खरा प्रसंग मराठीत लिहा, पुस्तकातला नको. मधल्यात माप कोणाचे आणि कशाचे, तेही मराठीतच. तिसऱ्यात इंग्रजी वाक्य. दिवसाला दोनच प्रसंग. आठवड्याने पहिले दोन भाग झाकून तिसऱ्यावरून प्रसंग ओळखता येतो का पाहा. ओळखता आला नाही तर ते वाक्य कुणाच्याही कामाबद्दल लिहिता आले असते, म्हणून पुन्हा लिहा.

त्या मुलीच्या वहीत पहिल्या भागात होते, ‘दिवसाला दोनशे भोके तपासायची.’ मधल्या भागात फक्त एक चित्र. प्लग गेज. दोन टोकांचा पोलादी दांडा. एक टोक भोकात गेलेच पाहिजे, दुसरे जाताच कामा नये. एक टोक जात नसेल तर भोक लहान, दुसरे जात असेल तर मोठे, दोन्ही वेळा तो भाग बाजूला. सहा महिने तिने हाताने हेच केले होते आणि अर्जात त्याचा एक शब्द नव्हता. तिसरा भाग तिने तीनदा खोडला. चौथ्यांदा लिहिले ते अर्जात मस्टर्डच्या जागी गेले :

‘ड्युरिंग माय ट्रेनिंग आय चेक्ड टू हंड्रेड बोअर्स अ डे विथ अ गो-नो-गो गेज. नो पार्ट आय पास्ड वॉज रिटर्न्ड.’

वाचून दाखवताना ‘पास्ड’पाशी ती थांबली. ‘सर, इथे पास करणारी मी आहे ना?’